पेन्सिलीचे आकडे

आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या शेजारी कालनिर्णय टांगलेले असे. त्यावर दुधाचा हिशेब निळ्या शाईत असे, आणि प्रत्येक चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसणार नाही इतका बारीक, पेन्सिलीने लिहिलेला आणखी एक आकडा असे. तो माझा होता. आई आदल्या रात्री किती तास झोपली, ते मी तिथे टिपून ठेवत असे. सात, साडेसहा, सात असे आकडे ओळीने आले की माझे शाळेत लक्ष लागे. पाच, चार, तीन अशी उतरण लागली की पुढच्या आठवड्यात घरात काय होणार ते मला इतरांच्या आधी कळे. हा उद्योग मी १९९३ साली सुरू केला, तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तो करायला मला कोणी सांगितले नव्हते.

आईच्या आजाराला तेव्हाचे डॉक्टर मॅनिक डिप्रेशन म्हणत. आज त्याला बायपोलर किंवा द्विध्रुवी विकार म्हणतात. उन्मादाच्या दिवसांत ती पहाटे तीनला उठून फळीवरचे सगळे डबे रिकामे करी आणि घासायला काढी. एकदा ती एका दुपारीत लक्ष्मी रस्त्यावरून उधारीवर अकरा साड्या घेऊन आली आणि त्या परत करायला बाबा दुसऱ्या दिवशी हात जोडत दुकानात गेले. मग कधी महिना महिना ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, वेणीसुद्धा घालून घेत नसे. या आजाराला घरात मात्र नाव नव्हते. आलेल्या-गेलेल्याला ‘पित्त झालंय’ असे सांगितले जाई, माझी आजी ‘उष्णता वाढली’ म्हणे, आणि मोठ्या काकांच्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू असल्यामुळे या गोष्टीचा बाहेर उच्चारही करायचा नाही, हे मला न सांगताच समजलेले होते.

आमचे घर वाईट नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. बाबा बँकेत कारकून होते, वेळेवर घरी येत, आईची औषधे कधी संपू देत नसत. पण एखादी गोष्ट बोलली नाही की ती घडतच नाही, अशी त्यांची काहीशी श्रद्धा होती. शिवाय आईला सांभाळता सांभाळता त्यांच्यात दुसऱ्या कोणाला सांभाळायची शक्ती उरत नसे. त्यामुळे मला जो आधार मिळाला तो बहुतेक सगळा घराबाहेर मिळाला. तो सरळ मिळाला नाही. दोनदा मी चुकीच्या ठिकाणी गेले, आणि एका आधाराला तर आधार म्हणतात, हे तो गेल्यावरच मला कळले.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि आमच्या डोक्यावरच्या माडीवर एक आजी एकट्या राहत असत. आमच्या खोल्यांतून आवाज वाढू लागला की वरून हाक येई, ‘‘जरा वर ये गं, सुईत दोरा ओवून दे. मला मेलीला दिसत नाही.’’ मी वर जाई. त्यांच्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात शिवणाचे सामान असे आणि गोधडीसाठी आठ-दहा सुया ओवून टोचणीत ओळीने खोचून ठेवायच्या, हे माझे काम असे. त्या आईबद्दल काही विचारत नसत. शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवत, कोणाच्या तरी बारशाची गोष्ट सांगत, आणि खालचा आवाज ओसरला की ‘‘झालं हो, जा आता’’ म्हणत. सातवीत असताना एकदा मी बोलावल्याशिवायच वर गेले. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या आणि सकाळी मी ओवलेल्या सुयांमधून एकेक दोरा काढून पुन्हा रिळाला गुंडाळत होत्या. मी जिन्यातूनच मागे फिरले आणि ही गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही. संध्याकाळी हाक आली तेव्हा मी नेहमीसारखी गेले आणि दहाच्या दहा सुया ओवून दिल्या.

१९९४ सालच्या उन्हाळ्यात वाडा पाडायला घेतला. त्या काळात पेठांमधल्या कितीतरी वाड्यांचे असेच झाले. कोणी कोथरूडला गेले, कोणी धनकवडीला, कोणी बिबवेवाडीला, आणि आम्ही इमारत उभी राहीपर्यंत शनिवार पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. आजी कोथरूडला मुलाकडे गेल्या. पीएमटीच्या बसने मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा दिवाणखान्यात बसवले, सूनबाईंनी सरबत दिले, अभ्यासाची चौकशी झाली. शिवणाचा डबा कुठे दिसला नाही. तिसऱ्यांदा मी गेले नाही. पाडापाडीत काय काय गेले याच्या याद्या लोक करतात, त्यांत नक्षीदार खांब असतात, हौद असतात, तुळशीवृंदावन असते; एका मुलीला आवाजाच्या वेळी वर बोलावून घेणारी हाक त्या यादीत कोणी घातलेली मी पाहिलेली नाही.

पहिली चूक मी आठवीत केली. ‘माझी आई’ हा निबंध आला तेव्हा मी खरे लिहिले: डबे, साड्या, भिंतीकडे तोंड, सगळे. बाईंनी वही तपासून परत दिली तेव्हा त्यावर शेरा नव्हता आणि त्या मला एकदम फार प्रेमाने वागवू लागल्या. चार दिवसांनी बाबांना शाळेत बोलावणे गेले. बाईंचा हेतू चांगला होता, याविषयी मला आजही शंका नाही. पण तोपर्यंत तो निबंध शिक्षकांच्या खोलीत दोन-तीन जणींनी वाचलेला होता आणि मधल्या सुटीत माझ्याकडे पाहण्याची पद्धत बदलली होती. घरी येताना बाबा स्कूटरवर एक अक्षर बोलले नाहीत. जिन्यात थांबून एवढेच म्हणाले, ‘‘घरातलं बाहेर कशाला नेलंस?’’

या प्रसंगावर मी पुढे पुष्कळ विचार केला. बाईंवर रागावणे सोपे होते आणि मी दोन वर्षे ते केलेही. पण मी एकाच फटक्यात सगळे सांगितले, तेही लेखी, आणि जिला सांगितले तिला माझ्या घरच्यांना बोलावण्याचा अधिकार होता. त्यातून मला काय हवे आहे ते मलाच ठाऊक नव्हते, मग ते बाईंना कसे कळावे? त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती अजून आहे. नव्या माणसाला आधी एखादी लहानशी, बाहेर पडली तरी बिघडणार नाही अशी गोष्ट सांगायची आणि ती कुठवर जाते ते पाहायचे. ‘आईला रात्री झोप लागत नाही’ एवढेच सांगून आठवडाभर थांबायचे. ज्यांच्याकडे ती तिथेच राहते ते थोडे असतात.

मैदानावर मी गेले ती यानंतर दोन महिन्यांनी, आणि खरे सांगायचे तर खोखोसाठी नव्हे. संध्याकाळी पाच ते सात घरी नसावे, एवढाच हेतू होता. नदीकडच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव चाले आणि शिकवणाऱ्या ताई तिशीच्या आतल्या, आवाजाने दणदणीत, बोलण्यात काटकसरी होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी माझे नाव विचारले आणि दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत लिहिले. नियम एकच होता. न सांगता दोन दिवस गैरहजर राहिले की तिसऱ्या दिवशी मैदानावरची एक मुलगी घरी येऊन जाई. ती आत येत नसे. दारातूनच ‘‘ताईंनी विचारलंय, उद्या येणार का?’’ म्हणे आणि जाई. आमच्या घरी त्या काळात कोणी येत नसे आणि आलेले आजीला आवडत नसे, पण या दारातल्या प्रश्नाला हरकत घेण्यासारखे काही नव्हते.

ज्यांनी खोखो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दोन खांबांच्या मधल्या पाटीत आठ जणी ओळीने बसतात, एकीचे तोंड इकडे तर शेजारणीचे तिकडे, आणि नववी पळते. पळणारीला मधली ओळ ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही; पलीकडचा गडी पकडायचा असेल तर पलीकडे तोंड करून बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यावा लागतो. मग ती उठते आणि आधीची तिच्या जागी बसते. दमलेल्या माणसाने बसायचे आणि ताज्या माणसाने उठायचे, हे त्या खेळात नियमातच आहे. घरी आम्ही चौघे होतो आणि चौघेही एकाच वेळी पळत होतो.

ताईंनी मला घराबद्दल कधी विचारले नाही. विचारले असते तर निबंधाच्या प्रसंगानंतर मी बहुधा मैदान सोडले असते. पण त्या बघत असत. एकदा आईला दोन रात्री अजिबात झोप नव्हती आणि मी तशीच मैदानावर गेले. सराव सुरू झाला, मला तीनदा खो मिळाला आणि तिन्ही वेळा मी चुकीच्या बाजूला उठले. ताईंनी शिट्टी वाजवली, मला बाहेर बोलावले आणि फक्कीचा डबा हातात दिला. ‘‘आडव्या पाट्या पुसट झाल्यात. आख. रेष सरळ आली पाहिजे.’’ मी सव्वा तास वाकून, दोरीला धरून, पांढऱ्या भुकटीची रेष ओढत राहिले. जिथे हात हले तिथे रेष जाड होई. ती पायाने पुसायची आणि पुन्हा आखायची. शेवटच्या पाटीपर्यंत हात स्थिर झाला होता. ताई येऊन पाहून गेल्या, म्हणाल्या, ‘‘उद्यापासून आखणी तुझ्याकडे.’’ त्या दिवसापासून मैदानावर माझ्यावाचून अडणारे एक काम झाले. सहानुभूतीच्या शब्दांनी मला नेहमी रडू आले आहे आणि रडून झाल्यावर लाज वाटली आहे. त्या फक्कीच्या डब्याने तसे काही केले नाही.

दुसरी चूक याच मैदानावर झाली. माझ्याच वयाची एक मुलगी ओंकारेश्वरापर्यंत माझ्याबरोबर चालत येई. तिला मी आधी थोडे सांगितले, ते कुठे गेले नाही. मग आणखी सांगितले. मग रोज, सगळे, तपशिलासह. देवळापाशी आम्ही अर्धा अर्धा तास उभ्या राहत असू. बोलायची मी, ऐकायची ती. सहा-सात महिन्यांनी ती सराव संपायच्या आधीच निघू लागली आणि एक दिवस तिच्या आईने मला त्यांच्या दारातच थांबवले. ‘‘तू वाईट मुलगी नाहीस गं. पण तुझं ऐकून हिला रात्रीची झोप लागत नाही. तिलाही परीक्षा आहे.’’ झोप लागत नाही, हे शब्द ऐकून मला कालनिर्णयावरचे माझे आकडेच दिसले. मी फार दुखावले गेले आणि काही महिने कोणाशीच बोलले नाही. पण काकूंचे काही चुकले नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चौदा वर्षांच्याच मुलीने आपले सगळे ओझे ठेवले, तर दोघींपैकी एकीला पळून जावेच लागते.

आमच्या घराला भाद्रपद महिना नेहमी जड गेला आहे. कारण तेव्हा मला समजत नव्हते. मी दहावीत असताना, १९९६च्या गणपतीत, आईने हरितालिकेचा निर्जळी उपास केला, त्या आधी नदीपात्रात ढोलांचा सराव चालू होताच, पुढे दहा दिवस केळकर रस्त्यावरच्या मंडळांचे कर्णे होते आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक नेहमीप्रमाणे रात्रभर चालून दुसऱ्या दिवसावर गेली. माझ्या चौकोनांत चार, तीन, दोन असे आकडे आले आणि मग एक शून्य आले. आईला रुग्णालयात दाखल करावे लागले.

तिथल्या मनोविकार विभागात एक समाजसेविका होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी बाबांशी बोलून झाल्यावर मला एकटीला आत घेतले आणि सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला, ‘‘आईचं बिनसायला लागलं, हे तुला सगळ्यात आधी कशावरून कळतं?’’ मी कालनिर्णयाबद्दल सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘उद्या येताना घेऊन ये.’’ मी चालू वर्षाचे आणि मागची दोन, अशी तीन कालनिर्णये पिशवीत घालून नेली. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर ती ओळीने मांडली, एकेक पान उलटत पेन्सिलीचे आकडे वाचले आणि तशीच उचलून डॉक्टरांच्या खोलीत नेली. झोप कमी होणे ही उन्माद सुरू होण्याची आगाऊ खूण असते आणि झोपमोड झाल्यानेही तो उसळू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे मिरवणुकीची रात्र आमच्यासाठी नुसती गोंगाटाची रात्र नव्हती.

हरितालिकेचाही उलगडा झाला. आई लिथियम घेत असे. या औषधाचे रक्तातले प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवावे लागते. कमी झाले तर उपयोग नाही आणि वाढले तर विषबाधा होते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासायला द्यायचे असते. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की ते प्रमाण वाढू शकते, त्यामुळे निर्जळी उपास, जुलाब, कडक उन्हाळा हे सगळे धोक्याचे. आईला गेली तीन वर्षे टिळक रस्त्यावर रक्त द्यायला मीच घेऊन जात होते, पण नऊच का, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. ‘‘हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर वाट पाहायची नाही, लगेच आणायचं,’’ असे मॅडमनी सांगितले आणि ते मी वहीत लिहून घेतले. त्या अंगाने पाहता मला मिळालेला सगळ्यात मोठा मानसिक आधार म्हणजे ही माहितीच होती.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना, निबंधातही न लिहिलेली गोष्ट सांगितली. चौथीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत माझे नाव आले नाही, त्याच आठवड्यात आईची झोप पहिल्यांदा उडाली होती. मी पास झाले असते तर आई आजारी पडली नसती, असे मी तोपर्यंत धरून चालले होते. मॅडम हसल्या नाहीत आणि ‘‘वेडी आहेस का’’ असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आईच्या मामांच्या आजाराची बाबांनी दिलेली माहिती मला सांगितली, हा आजार कोणाच्या गुणपत्रिकेने होत नाही, हे समजावले आणि मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही दिले. हा आजार घराण्यात चालतो हे खरे, पण असा आजार असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. त्या रात्री मी स्वतःचे तास मोजले. आठ भरले.

बाईंशी आणि मॅडमशी बोलण्यात फरक कोणता होता, हे सांगितले पाहिजे. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, ‘‘तू सांगशील त्यातलं बाबांना काय सांगितलेलं चालेल, ते तू मला सांग. एक मात्र आहे. कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही.’’ ही अट मला आधी आवडली नाही. पण आई पडून असायची त्या दिवसांत एकदा ती ‘‘मी नसते तर तुमचं बरं झालं असतं’’ असे म्हणाली होती आणि ते वाक्य मी आठ महिने कोणालाही न सांगता बाळगले होते. ती अट ऐकल्यावर मला कळले की हे वाक्य बाळगायचे नसते. मी ते सांगितले. त्यांनी ते माझ्यासमोर डॉक्टरांना सांगितले. आईचे डॉक्टर पुढे दर भेटीत तिला त्याबद्दल सरळ विचारू लागले आणि आईही सरळ उत्तर देऊ लागली. आज अशा वेळी दिवसरात्र कधीही फिरवता येईल असा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाला. मुलांसाठी १०९८ आहे. आमच्याकडे तेव्हा फोन होता, पण तो बाहेरच्या खोलीत, आजीच्या पलंगाशेजारी होता, त्यामुळे मॅडमना फोन करायचा तर मी वाण्याच्या दुकानातल्या लाल डब्यात रुपयाचे नाणे टाकत असे आणि ‘‘मी बोलतेय, आकडा साडेचार’’ असे सांगून ठेवून देत असे.

पुढे शिक्षणाच्या निमित्ताने मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांच्या अभ्यासाशी माझी गाठ पडली. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशके घेतला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणे, आईबापांचे आजार अशी संकटे एकावर एक होती, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुले नीट, कर्तीसवरती झाली, आणि अशा मुलांना कुठे तरी, पुष्कळदा आईवडिलांच्या पलीकडे, एखादे विश्वासाचे मोठे माणूस लाभलेले होते. हे वाचताना मला माडीवरच्या आजी आठवल्याच. तरी ‘एखादे माणूस’ या शब्दांशी मी अडखळते. एका माणसावर सगळे टाकण्याचा प्रयोग मी ओंकारेश्वरापाशी करून पाहिला होता. आजींना मी आजाराबद्दल काही विचारू शकले नसते, ताईंपाशी मी कधी रडले नाही, आणि मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारीच भेटत. प्रत्येकीकडे थोडेथोडे आणि वेगवेगळे होते. दहावीच्या वर्षी मी वहीच्या शेवटच्या पानावर कोणाकडे काय न्यायचे याची चक्क यादी केली होती. त्यात लायब्ररीवाल्या काकांचेही नाव होते, कारण ते बंद करायची वेळ झाली तरी मला बाकावर बसू देत.

आता पुण्यातल्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द छान आहेत. पंधरा वर्षांच्या शुभंकराने सराव सोडून घरी बसावे की नाही, हा प्रश्न मात्र शब्दाने सुटत नाही, आणि तो माझ्या बाबतीत मॅडमनी सोडवला. त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखले आणि घरात आईसाठी जे जे केले जाते ते मला त्यांत लिहायला लावले. ‘डॉक्टर’ या रकान्यात दोन गोष्टी आल्या, ‘बाबा’ या रकान्यात तीन, आणि ‘मी’ या रकान्यात अकरा. तो कागद त्यांनी माझ्या परवानगीने बाबांना दाखवला. बाबा तो बराच वेळ पाहत राहिले, मग घडी करून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत.

पण पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात काही गोष्टी बदलल्या. हरितालिकेला बाबांनी स्वतः आईला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. आजी म्हणाली, ‘‘निर्जळी मोडते म्हणजे काय?’’ त्यावर बाबा म्हणाले, ‘‘मोडू दे. डॉक्टरांनी सांगितलंय,’’ आणि त्या घरात ‘डॉक्टर’ हा शब्द आजीसमोर मोठ्याने उच्चारलेला मी प्रथमच ऐकला. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी ते आईला घेऊन चिंचवडला मावशीकडे गेले आणि मिरवणूक संपल्यावरच परतले. तिथे ती दोन्ही रात्री सहा-सहा तास झोपली. हे मला त्यांनीच येऊन सांगितले, मी विचारायच्या आधी.

त्या डिसेंबरात आमचा संघ सांगलीला सामन्यांसाठी जाणार होता, दोन मुक्काम. तोवर मी एकही रात्र घराबाहेर राहिले नव्हते. मी ताईंना ‘जमणार नाही’ म्हणून सांगितले. त्या ‘बरं’ म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मैदानावरची मुलगी दारात आली आणि तिने बाबांनाच विचारले, ‘‘ताईंनी विचारलंय, सांगलीला येणार का?’’ बाबा म्हणाले, ‘‘येणार.’’ निघायच्या रात्री मी त्यांना कालनिर्णय दाखवले, खालचा उजवा कोपरा दाखवला, पेन्सिल खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवली आणि झोप कशी मोजायची ते सांगितले: दिवा किती वाजता बंद होतो, रात्री उठणे किती वेळा, पहाटे भांड्यांचा आवाज किती वाजता. त्यांनी मान हलवली. मला वाटले, ऐकून घेतले, झाले.

सांगलीला आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. मी दोन गडी सूर मारून बाद केले आणि डाव्या गुडघ्याची सालटी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला उतरून घरी आले तेव्हा आई पोळ्या करत होती आणि बाबा बँकेत गेले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी भिंतीकडे पाहिले. दोन्ही चौकोन भरलेले होते. पेन्सिल त्यांना सापडली नसावी किंवा त्यांना ती पुरेशी वाटली नसावी. त्यांनी बँकेतल्या पेनाने, लेजरमध्ये लिहावे तसे ठळक, चौकोनाच्या मधोमध लिहिले होते: ‘झोप ६ तास २० मि.’ आणि खाली ‘झोप ६ तास ४५ मि. (मध्ये एकदा उठली, पाणी प्यायली)’.